दुसरं गेट

बादलीत हात घातला की आधी गारठा कळतो,
मग वजन.
सव्वा किलो, थोडं वर. कडोलीच्या कोबीचा गड्डा असतो तेवढं.
एकतीस वर्षं मी हे उचलून टेबलावर मांडतोय.
पोरं-पोरी नाकाला रुमाल लावून गोल उभी राहतात
आणि मॅडम येईस्तोवर मीच सांगून सोडतो:
हे पुढचं, कपाळामागचं.
माणूस बोलायच्या आधी जीभ चावतो, ते इथं.
हे कानाच्या वरचं, हाक ओळखणारं.
बघितलेलं मात्र पार मागं जातं,
जिथं आई टोपड्याची घडी घालते तिथं,
डोळे पुढं असून.
बुडाला लटकलेलं हे बारीक घड्यांचं:
शिकलेली सायकल इथं राहते, मालक पडला तरी.
आणि हा देठ. हा गेला की बाकी नुसतं वजन.

मॅडम म्हणतात, आत वळलेला हा भाग
समुद्रातल्या घोड्यासारखा.
मी समुद्र एकदाच बघितला, कारवारला. घोडा नव्हता.
मला तो रेशमाचा किडा वाटतो,
दिवसभराचा पाला खाऊन
रात्री त्याचा धागा काढणारा.

आणि मधोमध, दोन्हीकडं एकेक,
कबुतराच्या अंड्यागत: थॅलॅमस.
पोरं पाठ करतात, चुकतात.
मी म्हणायचो, टिळकवाडीचं दुसरं गेट आहे बघा हे.
डोळ्याचं, कानाचं, कातडीचं, सगळ्यांनी इथं थांबायचं,
आमचे दाजी उघडतील तेव्हा पुढं.
पोरं हसायची. त्यातली निम्मी
सकाळी तिथंच अडकून उशिरा आलेली असायची.

कल्लाप्पा मुतगेकर, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा,
सव्वीस वर्षं गेटवर.
परवा मार्गशीर्षात, पहाटे,
तांब्या उचलायला गेला
आणि उजवा हात दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला.

फिल्म मी खिडकीच्या उजेडाला धरली.
डॉक्टर काही बोलायच्या आधीच मला दिसलं:
डावीकडं, मधोमध, पांढरा ठिपका,
हरभऱ्याएवढा.
नेमका गेटावर.

आता तो भिंतीकडं बघून डबे मोजतो,
ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु,
लोंढ्याला उमेदवारीत शिकलेले आकडे.
घरात जन्मभर मराठी, त्यातलं एक अक्षर येत नाही.
अक्कानं कोपऱ्यात ओढून विचारलं,
"ह्यांची मराठी गेली काय रे कायमची?"
मी म्हटलं, गेली नाही गं, पलीकडं उभी आहे.
गेट पडलंय.

मग मला मॅडमचं एक वाक्य आठवलं,
जाता जाता टाकलेलं, परीक्षेत न येणारं:
वास तेवढा ह्या गेटातून जात नाही.
त्याची आडवाट आहे, नाकातून थेट आत,
त्या बदामापाशी, त्या किड्यापाशी.

अक्काला सांगितलं. तिनं वडगावच्या शिवारातला
नवा बासमती शिजवला,
झाकण त्याच्या तोंडापाशी काढलं.
ओंदु, येरडु.
कुंदा आणला, जरा करपलेला, त्याला आवडतो तसा.
मूरु.
त्याची जुनी तंबाखूची डबी उघडली, निपाणीची.
नाल्कु.

गुरुवारी मी कामावरनं तसाच गेलो, हात न धुता.
उशी सरकवायला वाकलो, तर
कल्लाप्पाचं नाक आक्रसलं,
मान वळली, डोळे माझ्यावर येऊन थांबले,
"भरम्या, आंघोळ करून ये की बे आधी."

अक्का इतकी हसली की पदर तोंडात धरला.
मग गप झाली,
आणि पातेल्यातल्या भाताकडं बघत बसली बराच वेळ.

शुक्रवारी पुन्हा डबेच. ओंदु, येरडु.
हॉलच्या बेसिनवर साबणाची नवी वडी आलीय.
मी अजून फोडली नाही.